शिकागोचे हुतात्मे ते मॅराडोना : एका कामगार वस्तीच्या क्लबचा इतिहास

१/ १५ ऑगस्ट १९०४. अर्जेंटिनाची राजधानी बुएनोस आइरेस. शहराच्या विया क्रेस्पो या कामगार वस्तीत काही तरुणांनी एक फुटबॉल क्लब स्थापन केला. स्वतःचे मैदान नव्हते, धनिक आश्रयदाता नव्हता. आठ दशकांनंतर हाच क्लब दक्षिण अमेरिकेचा विजेता ठरला; आणि तत्पूर्वीच त्याने जगाला दिएगो मॅराडोना दिला होता. अर्जेंटिनोस ज्युनियर्स या क्लबचा हा इतिहास. #थ्रेड

२/ अर्जेंटिनात फुटबॉल आला तो ब्रिटिशांबरोबर. रेल्वे, बँका आणि गोदी यांत ब्रिटिश भांडवल गुंतले होते. त्यामागोमाग अधिकारी, अभियंते आणि शिक्षक आले. अलेक्झांडर वॉटसन हटन या स्कॉटिश शिक्षकाने १८८४ साली बुएनोस आइरेसमध्ये इंग्लिश शाळा काढली आणि १८९३ मध्ये फुटबॉल लीगची घडी बसवली. प्रारंभी हा खेळ इंग्रजी शाळांचा व साहेबांच्या जिमखान्यांचा होता. नियम इंग्रजीत, कारभारही इंग्रजीत.

३/ त्याच काळात शहराचा चेहरामोहरा बदलत होता. इटली, स्पेन आणि पूर्व युरोपातून बोटी भरभरून स्थलांतरित येत होते. १९१४ च्या जनगणनेनुसार राजधानीतील जवळपास निम्मे रहिवासी परदेशात जन्मलेले होते. ‘कोन्व्हेंतियो’ नावाच्या चाळवजा इमारतींत एकेका खोलीत अख्खे कुटुंब राही. भाडेवाढीविरुद्ध १९०७ साली या भाडेकरूंनी मोठा संप पुकारला, यावरून त्यांच्या हालअपेष्टांची कल्पना यावी.

४/ विया क्रेस्पो ही वस्तीच मुळी एका कारखान्याभोवती वाढली. १८८८ च्या सुमारास तेथे राष्ट्रीय पादत्राणे कारखाना उभा राहिला आणि बूट शिवणाऱ्या कामगारांची घरे त्याभोवती दाटू लागली. अशा वस्तीला तेथे ‘बारियो’ म्हणतात. साहेबांचा खेळ पाहून बारियोतील पोरांनी मोकळ्या भूखंडांवर चेंडू लाथाडायला सुरुवात केली. प्रत्येक वस्तीला आपला क्लब, आपले नाव आणि आपला रंग हवा होता.

५/ या तरुणांनी आपल्या संघासाठी निवडलेले नाव थक्क करणारे आहे : ‘मार्तिरेस दे शिकागो’, म्हणजे शिकागोचे हुतात्मे. फुटबॉल संघाला असे नाव का? उत्तरासाठी १८८६ सालच्या अमेरिकेत जावे लागते. आठ तासांच्या कामाच्या दिवसासाठी १ मे रोजी तेथे लाखो कामगार संपावर गेले. ४ मे रोजी शिकागोच्या हेमार्केट चौकातील सभेत कोणीतरी बॉम्ब फेकला. पोलीस मेले, गोळीबारात नागरिकही मेले.

६/ बॉम्ब कोणी फेकला हे सिद्ध झालेच नाही. तरीही आठ अराजकतावादी कार्यकर्त्यांना दोषी ठरवण्यात आले आणि ११ नोव्हेंबर १८८७ रोजी त्यांपैकी चौघांना फाशी दिले गेले. पुढे १८८९ च्या पॅरिस परिषदेने १ मे हा कामगारांचा दिवस म्हणून पाळण्याची हाक दिली; १८९० मध्ये तो बुएनोस आइरेसमध्येही पाळला गेला. महाराष्ट्र दिनाबरोबरच आपल्याकडे १ मे रोजी जो कामगार दिन साजरा होतो, त्याचे मूळही याच घटनेत आहे.

७/ क्लबची परंपरा सांगते की ‘मार्तिरेस दे शिकागो’ आणि ‘सोल दे ला व्हिक्तोरिया’ (विजयाचा सूर्य) अशा दोन पोरसवदा संघांच्या मिलनातून अर्जेंटिनोस ज्युनियर्स जन्मला. त्याच १९०४ साली आल्फ्रेदो पालासिओस हे समाजवादी नेते अर्जेंटिनाच्या संसदेवर निवडून आले होते. क्लबच्या लाल जर्सीचा संबंध या समाजवादी उत्साहाशी जोडला जातो. लाल रंग आजही कायम आहे.

८/ तो काळ मात्र लाल रंगाला अनुकूल नव्हता. १९०२ च्या निवास कायद्याने ‘उपद्रवी’ परदेशी माणसाला खटल्याविना हद्दपार करण्याची मुभा सरकारला मिळाली होती. १ मे १९०९ रोजी राजधानीतील कामगार मेळाव्यावर पोलिसांनी गोळीबार केला व अनेक जण ठार झाले. अशा वातावरणात क्लबचे टिकलेले नाव लक्षणीय आहे. ‘अर्जेंटिनोस’ हा शब्द स्पॅनिश, ‘ज्युनियर्स’ इंग्रजी. स्थलांतरितांची मुले जणू जाहीर करत होती : हा खेळ साहेबांचा असेल, पण आम्ही इथलेच.

९/ येथे एक मूलभूत बाब समजून घ्यायला हवी. अर्जेंटिनातील क्लब म्हणजे कुणा शेठजीची कंपनी नव्हे. कायद्याने ती नफा न कमावणारी नागरी संस्था असते. वर्गणी भरणारा सभासद, म्हणजे ‘सोसियो’, हाच तिचा मालक. तोच मत देतो, तोच अध्यक्ष निवडतो. फुटबॉलच्या जोडीला वाचनालय, नृत्याचे कार्यक्रम, बुद्धिबळ, मुलांचे खेळ हे सारे क्लबच्या छताखाली चाले. बारियोचा क्लब म्हणजे वस्तीचे सार्वजनिक अंगणच.

१०/ अंगण मोठे असले तरी तिजोरी लहान होती. १९३१ साली व्यावसायिक लीग सुरू झाली, तेव्हा तिच्या १८ संस्थापक क्लबांत अर्जेंटिनोस होता. पण खेळाडूंना पगार देण्याच्या शर्यतीत छोटे क्लब मागे पडू लागले. १९३४ मध्ये तर लीगने त्याला अटलांटा या शेजारच्या क्लबाशी एकत्र संघ उतरवायला लावले. हा जबरीचा संसार हंगाम संपण्याआधीच मोडला. १९३७ मध्ये संघ दुसऱ्या श्रेणीत घसरला. प्रथम श्रेणीत परतण्याचा हक्क मिळवायला १९५५ साल उजाडले.

११/ दरम्यान क्लबने ला पातेर्नाल या वस्तीत बस्तान बसवले. १९४० साली तेथे लाकडी प्रेक्षागारांचे मैदान उभे राहिले. मोठे खेळाडू विकत घेणे परवडत नव्हते, म्हणून क्लबने ते घडवण्याचा मार्ग धरला. गल्लीतली मुले निवडायची, त्यांना शिकवायचे, मोठ्या संघात उतरवायचे आणि शेवटी, मन घट्ट करून, श्रीमंत क्लबला विकायचे. या परंपरेमुळे क्लबला पुढे ‘जगाची रोपवाटिका’ ही उपाधी चिकटली.

१२/ १९६० च्या दशकाच्या अखेरीस प्रशिक्षक फ्रान्सिस्को कोर्नेखो यांच्याकडे एक बुटका मुलगा आला. घर विया फियोरितो या राजधानीबाहेरील झोपडवस्तीत. त्याचा खेळ पाहून कोर्नेखो यांना त्याच्या सांगितलेल्या वयावर विश्वासच बसेना. तो दिएगो मॅराडोना. कोर्नेखो यांच्या बालसंघाचे नाव होते ‘सेबोयितास’, म्हणजे छोटे कांदे. हा संघ सलग १३६ सामने अपराजित राहिला, असे सांगितले जाते.

१३/ २० ऑक्टोबर १९७६. देशात मार्च महिन्यातच लष्कराने सत्ता बळकावली होती. ला पातेर्नालच्या मैदानावर कोर्दोबाच्या तायेरेस संघाविरुद्ध अर्जेंटिनोस एका गोलने मागे होता. उत्तरार्धाच्या प्रारंभी १६ क्रमांकाची जर्सी घालून मॅराडोना मैदानात उतरला. सोळावा वाढदिवस अजून दहा दिवसांवर होता. काही क्षणांतच त्याने प्रतिस्पर्ध्याच्या दोन पायांमधून चेंडू काढून नेला. सामना क्लबने ०-१ असा गमावला, पण त्या दिवसाची आठवण पराभवाची राहिली नाही.

१४/ पुढली चार-साडेचार वर्षे मॅराडोनाने क्लबसाठी शंभराहून अधिक गोल केले आणि पाच स्पर्धांत तो सर्वाधिक गोल करणारा ठरला. १९८० मध्ये क्लब विजेतेपदाच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचला. रिव्हर प्लेटमागोमाग दुसरा आला. परंतु त्याला कायम राखण्याची ऐपत या क्लबची नव्हती. फेब्रुवारी १९८१ मध्ये तो बोका ज्युनियर्सकडे गेला. बोकाकडेही पुरेशी रोकड नव्हती. त्यामुळे व्यवहारात पैशाबरोबर काही खेळाडूही अर्जेंटिनोसच्या वाट्याला आले.

१५/ मॅराडोनाविना संघ कोसळू लागला. १५ ऑगस्ट १९८१, क्लबचा ७७ वा वर्धापनदिन. हंगामाचा अखेरचा सामना, प्रतिस्पर्धी सान लोरेन्सो हा देशातील पाच बलाढ्य क्लबांपैकी एक. हरेल तो खालच्या श्रेणीत, अशी अवस्था. सान लोरेन्सोला तर बरोबरीही पुरेशी होती. सान लोरेन्सोने पेनल्टी वाया घालवली. अर्जेंटिनोसला मिळालेली पेनल्टी कार्लोस सालिनासने जाळ्यात धाडली. १-०. पाच बड्यांपैकी एक क्लब प्रथमच खाली गेला आणि वस्तीचा क्लब वाचला.

१६/ हा सालिनास कोण? मॅराडोनाच्या मोबदल्यात बोकाकडून आलेल्या खेळाडूंपैकी एक! आपला सर्वांत लाडका मुलगा गमावलेल्या क्लबला त्याच सौद्याने बुडण्यापासून वाचवले. रोपवाटिकेचे अर्थशास्त्र याहून नेमके कुठे दिसणार? विक्री ही येथे हाव नव्हती. ती तगून राहण्याची किंमत होती. ती किंमत प्रत्येक पिढीत नव्याने मोजावी लागत असे.

१७/ वाचलेला संघ नंतर बहरला. रोबेर्तो सापोरिती यांच्या मार्गदर्शनाखाली १९८४ मध्ये क्लबने पहिले राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. १९८५ मध्ये होसे युदिका यांच्या हाताखाली दुसरे. बचावाच्या तटबंदीवर नव्हे, तर चेंडू जमिनीवर ठेवून नजाकतीने खेळणारा हा संघ होता. सेर्खिओ बातिस्ता, क्लाउदिओ बोर्घी ही दोन्ही याच क्लबच्या मातीत वाढलेली पोरे. पुढल्याच वर्षी, १९८६ मध्ये, दोघेही मॅराडोनाबरोबर विश्वविजेत्या अर्जेंटिना संघात होते.

१८/ १९८५ च्या कोपा लिबेर्तादोरेस, म्हणजे दक्षिण अमेरिकेच्या सर्वोच्च क्लब स्पर्धेत, अर्जेंटिनोसने गतविजेत्या इंदिपेंदियेंतेला मागे टाकले. निर्णायक सामन्याच्या अखेरीस गोलरक्षक एन्रिके विदाये याने पेनल्टी अडवली. अंतिम फेरीत समोर होता कोलंबियाचा अमेरिका दे काली. त्या क्लबमागे कालीच्या अमली पदार्थ टोळीचा अमाप पैसा होता. दोन सामन्यांत एकेक विजय. तिसरा सामना २४ ऑक्टोबर रोजी पॅराग्वेच्या आसुन्सिओनमध्ये.

१९/ तोही १-१ बरोबरीत. पेनल्टी शूटआउटमध्ये विदायेने पुन्हा एक फटका अडवला आणि अर्जेंटिनोस ५-४ असा विजयी ठरला. ८ डिसेंबरला टोकियोत युरोपविजेत्या युव्हेंटसशी गाठ पडली. प्लातिनी, लाउद्रुप अशा दिग्गजांविरुद्ध या वस्तीच्या संघाने दोनदा आघाडी घेतली. २-२ बरोबरीनंतर पेनल्टीवर युव्हेंटस जिंकला. करंडक इटलीला गेला, पण आंतरखंडीय चषकाच्या सर्वोत्तम अंतिम सामन्यांत आजही त्याची गणना होते.

२०/ रोपवाटिका फक्त मैदानावरच्या गुणवत्तेने चालत नाही. तिला माळी लागतात. होसे पेकेरमन हा क्लबचा जुना खेळाडू. गुडघ्याच्या दुखापतीने कारकीर्द लवकर संपली, तेव्हा त्याने टॅक्सी चालवून घर चालवले. नंतर तो अर्जेंटिनोसच्या मुलांना शिकवू लागला. पुढे त्याच्याच मार्गदर्शनाखाली अर्जेंटिनाने १९९५, १९९७ आणि २००१ अशी तीन युवा विश्वविजेतेपदे पटकावली. रेदोंदो, रिकेल्मे, काम्बियासो, सोरिन हे सारे याच रोपवाटिकेतले.

२१/ वैभवाला उतरती कळा लागायलाही वेळ लागला नाही. १९९३ मध्ये पैशाच्या चणचणीतून क्लबने आपले ‘घरचे’ सामने सुमारे हजार किलोमीटर दूरच्या मेंदोसा शहरात खेळवायला सुरुवात केली. वस्तीचा क्लब वस्तीवाचून! हा प्रयोग टिकला नाही. १९९६ व २००२ मध्ये संघ खालच्या श्रेणीत घसरला. तरीही जुन्या जागीच नवे काँक्रीटचे मैदान उभे राहिले. २६ डिसेंबर २००३ रोजी ते खुले झाले आणि पुढच्या वर्षी त्याला दिएगो आर्मांदो मॅराडोना यांचे नाव मिळाले.

२२/ बोर्घी प्रशिक्षक म्हणून परतला आणि २०१० मध्ये क्लबने पुन्हा राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. २०२२ मध्ये कतारला विश्वचषक उंचावणाऱ्या अर्जेंटिना संघातील आलेक्सिस माक अलिस्तेर हाही इथलाच. त्याचे वडील याच क्लबसाठी खेळलेले, भाऊही इथेच वाढलेले. १९८६ असो वा २०२२, विश्वविजेत्या संघात या वस्तीचा वाटा होताच.

२३/ आता प्रश्न मालकीचा आहे. डिसेंबर २०२३ मध्ये राष्ट्राध्यक्ष हावियेर मिलेई यांच्या सरकारने अध्यादेशाद्वारे क्लबांना भागभांडवली कंपनी होण्याची वाट मोकळी करू पाहिली. देशाच्या फुटबॉल संघटनेने तिला विरोध केला. समर्थक म्हणतात, बाहेरचे भांडवल आले तर तरुण खेळाडू इतक्या लवकर विकावे लागणार नाहीत. विरोधक म्हणतात, क्लब विकला की सभासदाचा केवळ ग्राहक होतो.

२४/ अर्जेंटिनोस ज्युनियर्सच्या इतिहासात या दोन्ही युक्तिवादांना आधार सापडतो. या क्लबने मॅराडोना विकला, रिकेल्मे विकला, एकदा तर घरचे मैदानही दूर नेले. गरिबीची ही किंमत खरीच होती. परंतु मेंदोसाहून संघ परत आला, जुन्या जागीच मैदान पुन्हा बांधले गेले, कारण क्लब ज्यांचा होता ते ला पातेर्नाल सोडून कुठेही जाणार नव्हते. खेळाडू विकता येतात. वस्ती विकता येत नाही. आठ तासांच्या दिवसासाठी फासावर गेलेल्यांचे नाव घेऊन खेळू लागलेल्या पोरांच्या क्लबापुढे, सव्वाशे वर्षांच्या उंबरठ्यावर, तोच जुना प्रश्न उभा आहे : श्रम ज्यांचे, संस्था त्यांची असेल की नसेल?