मूळशोध (दत्तक)
दत्तक मुलाने जन्मदात्यांचा घेतलेला शोध. वऱ्हाडात पूर्वी बहुधा भाऊबंदांतलाच मुलगा दत्तक जाई. जन्मघर ठाऊक असे, जाणेयेणे चाले. हिंदू दत्तकग्रहण व निर्वाह अधिनियम, १९५६ नुसार जन्मकुळाशी कायदेशीर नाते तुटते, विवाहनिषेध मात्र उरतो. संस्थेतून दत्तक गेलेल्याला २०२२ च्या दत्तकग्रहण विनियमांनुसार वयाच्या १८ वर्षांनंतर स्वतः, त्याआधी दत्तक पालकांसह मूळशोधासाठी अर्ज करता येतो. जन्मदात्यांच्या गोपनीयतेला मात्र धक्का लावता येत नाही. त्यांनी नकार दिल्यास मूल सोडण्यामागची परिस्थिती तेवढी कळते, तीही मोलाची. टाकून दिलेल्या मुलांपाशी बहुधा एवढाही धागा नसतो. अमरावती जिल्ह्यातील वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर (पद्मश्री, २०२४) यांनी अशा दिव्यांग मुलांना पित्याच्या जागी स्वतःचे नाव दिले.