पाच व्होल्टची सवय

परवा शनिवारी मनवेलपाड्यातल्या घरी डायनिंग टेबलवर रास्पबेरी पाय मांडून बसलो. आठवडाभर लोकलचे धक्के खात दुसऱ्यांच्या सर्व्हरवर कोड चढवायचा. म्हटलं, एकदा तरी आपल्या प्रोग्रॅमने खरं काहीतरी हलवू. मेमरी कार्डावर ऑपरेटिंग सिस्टिम टाकली, वायफायचा पासवर्ड भरला, लॅपटॉपवरून एसएसएचने आत शिरलो. इथवर झकास. मग एका सेन्सरची पाच व्होल्टची वायर सरळ जीपीआयओ पिनला जोडली आणि बोर्ड गेला!

चूक माझीच. पायच्या पिना ३.३ व्होल्टच्या आणि माझ्या डोक्यात अजून कॉलेजचं ८०८५ किट.

इंटेलने १९७६ मध्ये आणलेल्या ८०८५ च्या नावातला शेवटचा ५ म्हणजे एकच ५ व्होल्टचा पुरवठा. आधीच्या ८०८० ला तीन वेगवेगळे व्होल्टेज लागायचे. त्यामुळे आख्खा कॉम्प्युटर एका बोर्डावर मांडणं सोपं झालं: प्रोसेसर, थोडी रॅम, मॉनिटर प्रोग्रॅमची ईप्रॉम, हेक्स कीपॅड आणि लाल आकड्यांचा डिस्प्ले. आपल्याकडच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत ही किट्स कित्येक वर्षं टिकली. ३ई, ०५ असं एकेक बाइट दाबत बसायचं. लाइट गेली की रॅममधलं सगळं साफ. आम्ही चौघांत एक किट, आणि पहिली सूचना, "उगाच हात लावू नका."

तशी ही सूचना जुनीच असणार. मुंबईच्या टीआयएफआरमध्ये १९६० साली 'टिफ्रॅक' हा भारतीय बनावटीचा कॉम्प्युटर सुरू झाला. प्रोग्रॅम द्यायचा तो कागदी पट्टीवर छिद्रं पाडून. असलं यंत्र कोण पोरांच्या हातात देणार?

पोरांच्या हातात मशीन द्यायचा प्रयत्न ब्रिटनने १९८१ मध्ये बीबीसी मायक्रो काढून केला. १९८४ मध्ये 'क्लास' योजनेतून तीच मशीन्स भारतातल्या काही शाळांतही आली. पुढे घरोघरी पीसी आले, पण ते उघडून खेळायची सोय राहिली नाही. केंब्रिजला कॉम्प्युटर सायन्सला येणाऱ्या मुलांना प्रोग्रॅमिंग कमी येतंय हे एबेन अप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आलं. त्यातूनच २९ फेब्रुवारी २०१२ ला ३५ डॉलरचा पाय बाजारात आला. ७०० मेगाहर्ट्झ, २५६ एमबी रॅम. आणि बिघडला तर घर विकावं लागणार नाही अशी किंमत. मला वाटतं, खरा शोध हाच.

असो. दुसरा बोर्ड आलाय. या वेळी सेन्सर आणि पिन यांच्यामध्ये १ आणि २ किलोओहमचे रेझिस्टर लावून पाचाचे ३.३ केले. काल बघायला शेजारचा आठवीतला मुलगा आला. त्याने वायर उचलली तेव्हा "हात लावू नकोस" अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं. कुठली पिन किती व्होल्टची ते दाखवलं आणि म्हटलं, "लाव तू."


एलईडी पहिल्या फटक्यात पेटला नाही. त्याने उलटा लावला होता.