पालकांना हवा पालकांचा आधार

मुलाच्या अपंगत्वाचे निदान झाले की आई-वडिलांपुढे आधी उपचारांचा प्रश्न उभा राहतो. 'आमच्या पश्चात याचे काय?' ही चिंता त्यामागोमाग येते. अशा वेळी त्याच वाटेने गेलेल्या पालकांची सोबत मोलाची ठरते.

मुंबईत १९७२ मध्ये स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया उभी राहिली ती डॉ. मिठू अलूर या एका आईच्या पुढाकारातून. डोंबिवलीच्या अमेय पालक संघटनेने मुलांसाठी 'घरकुल' हे निवासस्थान उभारले. 'परिवार' हा पालक संघटनांचा राष्ट्रीय महासंघ आहे.

स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता व बहुविकलांगता यांसाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. मूल १८ वर्षांचे झाले की आई-वडिलांचे कायदेशीर पालकत्व संपते. त्यानंतर गरज असल्यास जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करता येतो. न्यासाच्या 'निरामय' योजनेत १ लाख रुपयांपर्यंत आरोग्यविमा मिळतो.

कायद्यातील या वाटा अनेकांना उशिरा कळतात. म्हणूनच विशेष शाळेत किंवा उपचार केंद्रात पहिल्याच भेटीत पालकगटाची चौकशी करावी.