निगेटिव्ह रिपोर्टची गोष्ट

परवा रूट कॅनॉलसाठी गेलो तेव्हा हातात एक फॉर्म आला. मधुमेह? नाही. रक्तदाब? (अजून तरी) नाही. लेटेक्सची अ‍ॅलर्जी? इथे पेन अडलं. असली तर मला कळणार कशी? रोज टेस्टिंगवरून भांडणाऱ्या माणसाला असा प्रश्न विचारू नये. शनिवार-रविवार त्यातच गेला.

तर मंडळी, सुरुवात १९२१ सालची, ब्रेस्लाऊमधली. क्युस्टनर नावाच्या डॉक्टरला शिजवलेला मासा सोसत नसे. त्याचा सहकारी प्राउस्निट्झ, त्याने क्युस्टनरचं सिरम स्वतःच्या कातडीत टोचून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. गांधी उठली! म्हणजे दोष रक्तातल्या कशात तरी होता. ही पद्धत पुढे बरीच वर्षं वापरात होती. पण एकाचं सिरम दुसऱ्याला टोचायचं म्हणजे त्याच्याबरोबर कावीळही जाऊ शकते.

ते 'कशात तरी' सापडायला १९६६-६७ उजाडलं. डेन्व्हरला इशिझाका पती-पत्नी आणि उप्सालाला योहान्सन व बेनिख, दोन्हीकडे वेगवेगळं काम चालू होतं आणि उत्तर एकच आलं: आयजीई. लगेच १९६७ मध्ये उप्सालाच्या मंडळींनी 'रास्ट' ही चाचणी मांडली. संशयित पदार्थ घन कणांवर पक्का बसवायचा, त्यावर रोग्याचं सिरम सोडायचं. त्या पदार्थाविरुद्धची आयजीई असेल तर ती चिकटते, बाकीचं धुऊन जातं. मग आयजीईलाच धरणारी, किरणोत्सारी खूण लावलेली अँटिबॉडी घालायची आणि मोजायचं. नंतर किरणोत्साराची जागा एन्झाइमने घेतली, तत्त्व मात्र तेच. रोग्याच्या अंगावर काही उठायचा प्रश्नच नाही. झकास!

फक्त एक मेख आहे. तुम्ही जे चिकटवलंत, तेवढंच सापडणार.

हे महागात पडलं ते लेटेक्सच्या बाबतीत. १९८७ मध्ये एड्सच्या धास्तीने अमेरिकेत प्रत्येक रोग्याचं रक्त संसर्गजन्य समजायचं ठरलं आणि ग्लोव्ह्जचा खप प्रचंड वाढला. आतल्या स्टार्चच्या पावडरीवर रबराच्या चिकातली प्रथिनं बसतात आणि ग्लोव्ह काढला की हवेत उडतात. नर्सेसना शिंका, दमा, गांधी. बेरियम एनिमाच्या लेटेक्सच्या फुग्यामुळे तर रोगी दगावले. १९९१ मध्ये अमेरिकेच्या एफडीएला इशारा काढावा लागला.

आता ओळखायचं कसं? युरोपात कातडीवर टोचून बघायला लेटेक्सचा तयार अर्क मिळत होता. अमेरिकेत एफडीएने तसा अर्क कधी मंजूरच केला नाही, त्यामुळे सगळी भिस्त रक्ताच्या तीन चाचण्यांवर. १९९९ मध्ये त्यांची तुलना प्रसिद्ध झाली. दोन चाचण्या खऱ्या अ‍ॅलर्जीवाल्यांपैकी साधारण चारातल्या एकाला 'निगेटिव्ह' सांगत होत्या. तिसरी बहुतेकांना पकडायची, पण अ‍ॅलर्जी नसलेल्यांतल्याही जवळजवळ चौथ्या हिश्श्याला लटकवायची. आपल्याकडे असा बग सापडला तर रिलीज पुढे ढकलतात. तिथे निगेटिव्ह रिपोर्ट घेऊन एखादी नर्स पुन्हा तेच ग्लोव्ह्ज चढवणार, आणि खोटा पॉझिटिव्ह आला तर जमलेली नोकरी सोडणार.

निसटण्याचं एक कारण पुढे सापडलं. चिकात अ‍ॅलर्जी आणणारी प्रथिनं डझनभराहून जास्त आहेत. त्यातलं 'हेव्ह बी ५' हे नर्स-डॉक्टरांच्या बाबतीत महत्त्वाचं, आणि नेमकं तेच चाचणीच्या अर्कात कमी पडत होतं. २००१ मध्ये ते जीन तंत्राने बनवून अर्कात वरून घातल्याचा प्रयोग प्रसिद्ध झाला आणि निसटलेले रोगी सापडू लागले. (उलट 'हेव्ह बी ८' चा भाऊबंद परागकणांतही असतो. त्यामुळे परागकणांची अ‍ॅलर्जी असलेला माणूस लेटेक्सचं काही होत नसताना पॉझिटिव्ह येऊ शकतो.)

असो. फॉर्मवर मी 'माहीत नाही' लिहिलं होतं. डॉक्टरीणबाईंनी ते वाचून विचारलं, "फुगे फुगवताना ओठ सुजतात? केळं, किवी खाल्ल्यावर घसा खाजतो? आधी कधी ऑपरेशन झालंय?"

"नाही, नाही आणि नाही."

त्यांनी 'नाही'वर टिक केली आणि निळे नायट्राइलचे ग्लोव्ह्ज चढवले.