विनोद संपले, हसू उरले

भरतमुनींनी नाट्यशास्त्रात आठ रस सांगितले, त्यांत हास्यरस आहे. स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित असे त्याचे सहा प्रकारही दिले. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती आणखी एक विभागणी. माणूस स्वतः हसतो ते आत्मस्थ आणि दुसऱ्याला हसवतो ते परस्थ. हसू एकाकडून दुसऱ्याकडे जाते, हे आपल्याकडे फार पूर्वीच ओळखले गेले होते. कविसंमेलनांत मी ते पाहत आलो आहे. भरल्या सभागृहात साध्या ओळीलाही हशा मिळतो. तीच ओळ पाच-सात श्रोत्यांपुढे म्हटली की नुसती शांतता.

या जुन्या जाणिवेचा नवा प्रयोग आपल्या मुंबईत झाला. १३ मार्च १९९५ रोजी अंधेरीच्या लोखंडवाला संकुलातल्या बागेत डॉ. मदन कटारिया यांनी अवघ्या पाच जणांचा हास्य क्लब सुरू केला. आरंभी एकेकाने मध्ये येऊन विनोद सांगायचा आणि बाकीच्यांनी हसायचे, असा शिरस्ता होता. पण दोनेक आठवड्यांतच चांगले विनोद संपले. उरले ते पाणचट, नाहीतर कुणाला तरी बोचणारे. सभासद नाराज होऊ लागले. तेव्हा डॉक्टरांनी विनोदच बंद केले. लटके हसायचे, एकमेकांच्या डोळ्यांत पाहायचे, म्हणजे खरे हसू आपोआप येते, असे त्यांनी सुचवले. पत्नी माधुरी कटारिया योग जाणणाऱ्या. त्यामुळे दीर्घ श्वसनाची जोड मिळाली. टाळ्यांच्या ठेक्यावर 'हो हो, हा हा हा' सुरू झाले आणि पुढे अनेक देशांत पोचले.

मंडळी, विनोदाला बहुधा कुणीतरी बळी लागतो. आपल्याकडे तो मान पुष्कळदा म्हाताऱ्यांचाच. बहिरे आजोबा, बोळक्या तोंडाची आजी! विनोद गेला आणि ज्यांना हसले जात होते, तेच हसणाऱ्यांच्या रिंगणात आले.

याचा उपयोग किती? इराणमधील तेहरानच्या उदासीनतेने ग्रासलेल्या वृद्ध महिलांवरील एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला हास्ययोग दिला, दुसऱ्याला सामूहिक व्यायाम, तिसऱ्याला यांपैकी काहीच नाही. हास्ययोगाच्या गटातली उदासीनता तिसऱ्या गटाच्या तुलनेत कमी झाली. मात्र व्यायामाच्या गटातही ती जवळजवळ तितकीच उतरली. मला यात हास्ययोगाचा पराभव दिसत नाही. दोन्ही गटांतल्या बायका घराबाहेर पडत होत्या, चार जणींत मिसळत होत्या, हातपाय हलवत होत्या. निवृत्ती, जोडीदाराचा वियोग, परगावी गेलेली मुले यांनी नेमके हेच हिरावलेले असते.

म्हणून हास्य क्लबला कुणी औषधाची जागा देऊ नये. झोप उडाली, अन्नावरची वासना गेली, 'आता जगून काय करायचे' असे शब्द तोंडी येऊ लागले, तर तो आजार आहे. वयाचा दोष म्हणून सोडून न देता डॉक्टरांकडे न्यावे. हृदयविकार वा हर्निया असणाऱ्यांनीही आधी विचारून घ्यावे.

आणि सकाळी बागेतून तो गडगडाट ऐकू आला, तर नाक मुरडू नका. शेजारी एकटे राहणारे कुणी काका किंवा खाला असतील, तर त्यांना तिथवर सोबत करा. एकट्याने पहिल्या दिवशी जाणे फार अवघड असते.