मोडकी झोप आणि टिपूची वही

माझी झोप म्हणजे श्वाननिद्रा. वडिलांच्या शेवटच्या आजारपणात दोन वर्षं त्यांच्या खाटेशेजारी झोपत होतो. ते कुशीवर वळले तरी मला जाग यायची. वडील गेले, सवय मात्र राहिली. गावी पहाटे पोदेराचा भोंपू दोन वळणं लांब असतो, तेव्हाच मी उठून बसलेला असतो.

काही वर्षांपूर्वी रमजानच्या महिन्यात हैदराबादला जाणं झालं. मुक्काम चारमिनारच्या जवळच. पहाटे सहरीसाठी उठवणाऱ्याचा पुकारा आला आणि अर्थातच सगळ्यांच्या आधी मी जागा झालो. खाली गल्लीत भांड्यांचे आवाज, मुलांची कुरकुर. तासाभराने पुन्हा डोळा लागला. स्वप्नात वडील बलकांवात बसून सुपारी कातरत होते. मनात आलं, हे तर गेले. म्हणजे हे स्वप्न आहे! त्या आनंदाच्या धक्क्यानेच जाग आली. एक शब्दही बोलणं झालं नाही.

त्याच दिवशी कोठीतली जुनी ब्रिटिश रेसिडेन्सी पाहायला गेलो. ही वास्तू म्हटली की जेम्स कर्कपॅट्रिक आणि खैरुन्निसा यांची प्रेमकथा आठवते. मला मात्र त्या दिवशी जेम्सचा थोरला सावत्र भाऊ विल्यम आठवला. जेम्सच्या आधी निजामाच्या दरबारी तोच रेसिडेंट होता. 1799 मध्ये इंग्रज आणि निजाम यांच्या फौजांपुढे श्रीरंगपट्टण पडलं. तेव्हा टिपू सुलतानाच्या महालातले कागद चाळताना याच विल्यमच्या हाती एक लहानशी फारसी वही लागली. तीत टिपूने स्वतःच्या हाताने आपली 37 स्वप्नं लिहून ठेवली होती. त्याचा मुनशी हबीबुल्ला याला अशी वही आहे एवढं ठाऊक होतं. पण सुलतान ती लपवून ठेवत असल्यामुळे पाहायला मिळाली नव्हती. आज ती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे.

त्या वहीत आपले मराठेही आहेत. 1786 मध्ये सावनूरजवळ हरिपंत फडक्यांच्या छावणीवर रात्री छापा घालण्याआधी टिपूला एक देखणा पुरुष स्वप्नात दिसला. त्याने पागोट्याखालचे केस मोकळे केले, अंगरखा उघडला, तेव्हा ती स्त्री निघाली. टिपूने अर्थ लावला, की मराठे वेशाने पुरुष असले तरी लढाईत बायका ठरतील. शत्रूची धास्ती माणसाला काय काय दाखवते, पाहा!

टिपूची ही स्वप्नं ‘जागृत’ नव्हती. तो त्यांत शकुन शोधत होता. स्वप्नातून आलेल्याला मान देणं आपल्यालाही नवं नाही. तुकोबांना बाबाजींचा गुरूपदेश स्वप्नात मिळाला आणि बहिणाबाईंना तुकोबांचा, तोही स्वप्नातच. या बहिणाबाईंचं शिऊर पुढे निजामाच्याच मुलखात होतं. पण स्वप्न चालू असताना ‘हे स्वप्न आहे’ असं कळणं ही वेगळी गोष्ट. फ्रान्समधल्या एर्वे द सें-दनी यांनी लहानपणापासून रोजच्या रोज स्वप्नं लिहून काढली आणि 1867 मध्ये त्यांवर पुस्तक छापलं. लिहिता लिहिता स्वप्नात भान येऊ लागतं, असा त्यांचा अनुभव. 1913 मध्ये डच मानसोपचारतज्ज्ञ फ्रेडरिक व्हान एडन यांनी अशा स्वप्नाला ‘ल्युसिड ड्रीम’ हे नाव रूढ केलं.

पुरावा मात्र 1975 मध्ये इंग्लंडमधल्या हल इथे मिळाला. स्वप्नांच्या झोपेत अंग लुळं पडतं, पण बुबुळं हलतात. कीथ हर्न यांच्या प्रयोगात ॲलन वर्सली यांनी झोपेतूनच ठरल्याप्रमाणे डोळे डावीउजवीकडे फिरवून खूण केली. पुढे स्टॅनफर्डला स्टीफन लाबर्ज यांनी स्वतंत्रपणे हेच दाखवलं आणि शिकण्याची रीतही बसवली.

ती रीत वाचली आणि मला सहरी आठवली. स्वप्नांच्या झोपेचे टप्पे पहाटेकडे लांबत जातात. म्हणून चार-पाच तास झोपून उठायचं, थोडा वेळ जागं राहायचं, नुकतं पडलेलं स्वप्न आठवायचं, ‘पुढच्या स्वप्नात ओळखेन’ असा निश्चय करायचा आणि पुन्हा झोपायचं. लोक यासाठी घड्याळाचा गजर लावतात. आम्हां मोडक्या झोपेच्या माणसांना तो फुकट मिळतो! तोटाही आमचाच. भान आलं की मन उसळतं आणि झोप उडते. त्यावर लाबर्ज यांचा उपाय असा, की स्वप्नातच तळहात एकमेकांवर चोळत राहायचं, म्हणजे स्वप्न टिकतं. ज्यांची झोप मुळातच पुरी होत नाही त्यांनी मात्र हौसेखातर ती आणखी मोडू नये. आपोआप आलेली जाग वापरावी, एवढंच.

तेव्हापासून उशाशी वही आहे. बहुतेक पानं किरकोळ आहेत. चुकलेल्या बसगाड्या, शाळेचे पेपर. पण गेल्या पावसाळ्यात एका पहाटे वडील पुन्हा बलकांवात दिसले. मी ओळखलं, आणि या खेपेला उसळलो नाही. तळहात चोळत उभा राहिलो. त्यांनी अडकित्त्यावरून मान वर केली आणि विचारलं, ‘‘झोप लागते का रे तुला हल्ली?’’

उत्तर द्यायच्या आत जाग आली. दिवा लावला आणि तारीख घालून लिहून ठेवलं. टिपूही तारीख घालत असे.