अमेरिकन कादंबरीतील कृष्णवर्णीय आणि मराठी वाचक

बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले भीमराव आंबेडकर १९१७ साली नोकरीसाठी बडोद्यास आले, तेव्हा त्यांना शहरात राहावयास जागा मिळेना. पारशी नाव धारण करून ते एका पारशी उतारघरात राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या मंडळींनी त्यांना संध्याकाळपर्यंत जागा सोडण्यास फर्मावले. मुंबईची गाडी निघेपर्यंतचा वेळ त्यांनी कमाटीबागेत काढला. ही हकीकत त्यांनी पुढे इंग्रजीत लिहून ठेवली आहे. बडोद्याच्या गोत्री भागात बसून अमेरिकन कादंबऱ्या वाचताना ती वारंवार आठवते. कारण नाव लपविल्याशिवाय ज्याला निवारा मिळत नाही, असा माणूस त्या कादंबऱ्यांतही पुन्हा पुन्हा भेटतो.

अमेरिकेतील गुलामगिरीचा आपल्याकडील विचार याहून जुना आहे. तेथे १८६५ साली गुलामगिरी कायद्याने संपली आणि आठच वर्षांनी, १८७३ मध्ये, जोतीराव फुले यांनी आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ तिच्या निर्मूलनासाठी झटलेल्या अमेरिकन लोकांना अर्पण केला. दूरच्या देशातील दुःखात आपल्या समाजाचे दुःख ओळखण्याची ही दृष्टी मराठीत तेव्हाच आली होती.

हॅरिएट बीचर स्टो यांच्या ‘अंकल टॉम्स केबिन’ (१८५२) या कादंबरीने गुलामगिरीविरुद्ध लोकमत जागे केले, हे तिचे ऐतिहासिक श्रेय होय. परंतु टॉमचे नाव पुढे कृष्णवर्णीय समाजातच लाचारीचे दूषण ठरले. या स्थित्यंतरास रंगभूमीवरील उथळ रूपांतरेही कारण झाली; मूळ कादंबरीतील टॉम तर पळून गेलेल्या दोन स्त्रियांचा ठावठिकाणा न सांगता मार खाऊन मरतो. तथापि त्याचे मोठेपण सोसण्यात आहे, आणि सोसण्याची ही थोरवी त्याला लेखिकेने बहाल केलेली आहे. मार्क ट्वेन यांच्या ‘हकलबरी फिन’मधील जिम अधिक जिवंत आहे. तरीही अखेरच्या प्रकरणांत, मालकिणीच्या मृत्युपत्राने तो मुक्त झालेला आहे हे ठाऊक असूनही टॉम सॉयर ते लपवितो, आणि एका प्रौढ माणसाचे स्वातंत्र्य मुलांच्या खेळाचा विषय होते. दोन्ही लेखकांचा हेतू निर्मळ होता. उणीव होती ती पात्राच्या स्वतःच्या वाणीची.

ही वाणी कृष्णवर्णीय लेखकांनी दिली. जेम्स वेल्डन जॉन्सन यांच्या १९१२ च्या कादंबरीचा नायक आपला वंश लपवून गोरा म्हणून जगतो आणि अखेर त्या सुखाची किंमत स्वतःच मोजतो. रिचर्ड राइट यांच्या ‘नेटिव्ह सन’ (१९४०) मधील बिगर थॉमस वाचकाची दया नाकारतो. राल्फ एलिसन यांच्या ‘इनव्हिजिबल मॅन’ (१९५२) मधील निवेदकास तर नावच नाही. आपण लोकांना दिसत नाही, दिसते ती त्यांचीच कल्पना, हे तो स्वमुखाने सांगतो.

मराठीत असाच क्रम दिसून येतो. श्री. म. माटे यांच्या ‘उपेक्षितांचे अंतरंग’ (१९४१) मध्ये कळकळ आहे, निरीक्षण आहे. पण पाहणारा बाहेरचा आहे. बाबूराव बागूल यांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या संग्रहाच्या शीर्षकातच ‘मी’ आला. शीर्षककथेतील तरुण सुरतेजवळच्या उधना येथे रेल्वेत नोकरीस लागतो, जागेसाठी जात लपवितो आणि ती उघड होताच मार खातो. १९१७ मध्ये बडोद्यास घडलेल्या प्रसंगाची छाया गुजरातच्याच भूमीवरील या कथेत जाणवते. ती कोणी मुद्दाम योजिलेली नाही, म्हणूनच अधिक बोलकी आहे.

साम्य दाखविताना भेद मात्र पुसू नये. आंबेडकरांनी १९४६ साली डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतील साम्य नमूद केले. पण गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांची तुलना करताना दोहोंतील भेदही त्यांनी कसोशीने मांडला. १९७२ मध्ये दलित पँथरने अमेरिकन चळवळीपासून नाव घेतले, तरी तिची भाषा मुंबईच्या वस्त्यांतली होती. जनार्दन वाघमारे यांच्या १९७८ मधील ग्रंथाने त्या अमेरिकन साहित्याची आणि संस्कृतीची पद्धतशीर ओळख मराठी वाचकास करून दिली.

शिक्षकांनी टॉम आणि जिम शिकवू नयेत, असा याचा अर्थ नव्हे. ते शिकवावेतच, पण हे पात्र कोण बोलवीत आहे, आणि त्यालाच बोलू दिले असते तर ते काय म्हणाले असते, हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवावा. बडोद्याच्या विद्यार्थ्यांना त्यासाठी फार दूर जावयास नको. कमाटीबागेत बसून त्या संध्याकाळची हकीकत, ज्याने ती भोगली त्याच्याच शब्दांत, वाचावी.